तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन मिळत असताना हे मेलेले चेनसॉ कशाला जोडत बसता?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट बसून उत्तर लिहिते. प्रश्न साधारण असा असतो की बाजारात नवा चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची इंजिनवरची करवत, मिळतो, दोरी ओढली की सुरू होतो, मग तीन भंगार मशीनचे पार्ट काढून एक उभं करण्यात दोन-दोन महिने का घालवता? विचारणाऱ्यांचा सूर चांगलाच असतो, कधीकधी काळजीचाही असतो, कारण टेबलाखाली क्रेटमधे पडलेली सुटी इंजिनं बघून कुणालाही वाटेल की हे आवरायचं कधी.

तर सांगते. चेनसॉ हवा म्हणून मी हे करतच नाही. मला तो कशाने मेला ते शोधायचं असतं. मशीन उगाच मरत नाही, काहीतरी कारण घडलेलं असतं आणि त्याची खूण आत कुठेतरी राहिलेली असते, बहुतेक वेळा पिस्टनवर. ते कारण हाताला लागेपर्यंत मी एकही नवा पार्ट लावत नाही, हा माझा एकच नियम आहे आणि तो मी चांगलाच ठेच लागल्यावर शिकलेय.

पहिलं मशीन मिळालं ते सत्तरच्या दशकातलं, पन्नास सीसीच्या आसपासचं, पूर्ण जाम झालेलं. दोरी ओढली तर हलेना. मी काय केलं, तर सिलिंडर उघडलं, पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, म्हटलं चला पिस्टन गेला, दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून चांगला पिस्टन काढला, रिंग नवी टाकली, जोडलं, सुरू झालं. तो आनंद काय सांगू. दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत सुरेख चाललं आणि तिसऱ्या टाकीला कापता कापता आवाज एकदम चढला, वरच्या पट्टीत गेला, आणि पुढच्या क्षणी बंद. उघडून बघितलं तर तोच प्रकार, त्याच बाजूला, तसेच ओरखडे. मी फक्त परिणाम बदलला होता, कारण तिथंच बसून होतं. क्रँकशाफ्टचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं) फ्लायव्हीलच्या, म्हणजे दांड्यावरच्या जड चाकाच्या, बाजूचं ऑइल सील, ती रबरी कडी, लाकडासारखं कडक झालं होतं आणि तिथून इंजिन हवा ओढत होतं.

हे इतकं महत्त्वाचं का ते थोडं सविस्तर सांगते, कारण चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं आणि टू-स्ट्रोकची सगळी गंमत इथेच आहे. या इंजिनाला वेगळं ऑइल मिळत नाही, जे काही मिळतं ते पेट्रोलमधे मिसळलेलं. मिश्रण आधी खाली क्रँककेसमधे येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमधे चढतं. म्हणजे क्रँककेस ही एक बंद डबी आहे, ती आळीपाळीने दाब आणि व्हॅक्यूम धरते, आणि तिला कुठे बारीकशी फट पडली की कार्बोरेटरकडून (तो पेट्रोल आणि हवा मिसळतो) पेट्रोल यायच्या ऐवजी फटीतून नुसती हवा येते. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि वर तापमान चढलेलं. आजची मशीनं मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला दोनशेच्या वर वेळा पिस्टन वर-खाली. त्या वेगात कोरडं पडायला किती वेळ लागणार? आवाज चढला होता तो ताकदीचा नव्हता, इंजिन उपाशी पडल्याचा होता, आणि मी मूर्खासारखी खुशीत ते ऐकत उभी होते.

तेव्हापासून कुठलंही मशीन आलं की आधी मफलर, म्हणजे धूर बाहेर सोडणारा डबा, काढते. दोन-तीन बोल्ट असतात, गंजलेले असले तर आदल्या रात्री ऑइल टाकून ठेवायचं, घाई केली की बोल्टचं डोकं तुटतं. मग फ्लायव्हील हळूहळू फिरवत बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या, भोकातून पिस्टन बघायचा. चांगल्या पिस्टनवर घडवताना आलेल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. त्या पुसून एक्झॉस्टच्याच बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन उपाशी चाललंय, हवा तरी घेत होतं किंवा कार्बोरेटरमधे कचरा होता. सगळ्या बाजूंनी सारखेच खरवडलेले असतील तर कुणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलं असण्याची शक्यता फार. आणि ओरखडे जवळजवळ नाहीतच पण इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत यायच्या, बाजूला धातू मंद, राखाडी, पॉलिश पेपरने घासल्यासारखा दिसतोय, तर फिल्टर फाटका होता किंवा नीट बसलेला नव्हता, लाकडाचा भुसा आणि धूळ आत जात होती. मी नख फिरवून बघते. नख अडकलं तर पिस्टन गेला, नुसतं जाणवलं पण अडकलं नाही तर अजून आशा आहे.

लोकांना वाटतं सिलिंडरही गेलं असेल, पण बहुतेक वेळा ते वाचतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरही ॲल्युमिनियमचंच, दोन उघडे ॲल्युमिनियम एकमेकांवर घासले तर चिकटून बसतील, म्हणून सिलिंडरच्या आतून कठीण धातूचा पातळ थर दिलेला असतो. जुन्यांमधे क्रोमचा, नंतरच्या बऱ्याच मशीनमधे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा. सिलिंडरमधे जे ओरखड्यांसारखं दिसतं ते बरेचदा ओरखडे नसतातच, पिस्टनचा ॲल्युमिनियम वितळून थरावर माखलेला असतो. निकेलचा थर असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या डागावर लावते, ते ॲल्युमिनियम खातं, फेस येतो, पुसायचं, परत लावायचं. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकांच्या, कडांपासून लांब राहायचं कारण तिथे खालचा ॲल्युमिनियम उघडा असू शकतो. आणि डाग गेला तरी फेस थांबत नसेल तर लगेच पाण्याने धुवा, ॲसिड थराच्या खाली पोचलंय. क्रोमच्या सिलिंडरला मी ॲसिड अजिबात लावत नाही, ते क्रोमलाही खातं, तिथे पॉलिश पेपर आणि हात दुखेपर्यंत धीर. हे सगळं उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि ॲसिडची बाटली इतर पार्टांच्या जवळपासही नको, वाफेने चांगले पार्ट गंजतात.

आता ते तीन भंगारांतून एक, त्याबद्दल. एक मशीन गाभा म्हणून धरायचं, ज्याची क्रँककेस आणि क्रँकशाफ्ट ठणठणीत आहेत, बाकीचे डोनर. क्रँकशाफ्टची बेअरिंगं बोटाने फिरवून बघायची, खरखर लागली तर तो गाभा नाही. क्रँककेस बहुतेक मॅग्नेशियमची असते, हलकी पण नाजूक, ओलाव्यात राहिली की पांढरी भुकटी धरते आणि बोल्टचे आटे पटकन जातात. आटे गेलेल्या भोकात स्प्रिंगसारखं वेटोळं बसवून नवे आटे करता येतात आणि ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत निघतात. क्लच काढताना मात्र नवीन माणूस हमखास फसतो, बहुतेक मशीनमधे त्याला उलटे आटे असतात, जितका जोर लावाल तितका घट्ट होतो. आणि क्रँकशाफ्ट फिरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून आत दोरी सरकवायची, पण पिस्टनने एक्झॉस्टचं भोक झाकल्यानंतरच, नाहीतर दोरी पोर्टच्या कडेत चिमटते.

एकाच मॉडेलचे दोन चेनसॉ बाहेरून जुळे दिसतात आणि आतून जुळत नाहीत, हे मी वारंवार अनुभवलंय. पिस्टनचा व्यास तोच पण पिन वेगळ्या जाडीची, क्लच ड्रम बसतो पण बेअरिंग बसत नाही, कव्हरच्या बोल्टची भोकं दोन मिलिमीटर सरकलेली. म्हणून मी काढलेला प्रत्येक पार्ट व्हर्नियरने मोजून, पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवते. कार्बोरेटरबद्दल फार लिहीत नाही, त्यातले रबरी डायफ्राम कडक झालेले असतातच, ते बदला, जाळी साफ करा, मीटरिंग लिव्हरची उंची बघा, झालं. बरेच लोक कार्बोरेटरलाच गुन्हेगार धरून सगळा वेळ तिथे घालवतात.

ही मशीनं माझ्या इतकी जवळची का आहेत याचं अजून एक कारण म्हणजे त्यांच्यात कुणाचं तरी डोकं दिसतं. 1927 मधे जर्मनीत डोलमार कंपनीने जो पेट्रोलवरचा चेनसॉ आणला तो 58 किलोचा होता, दोन माणसांनी धरायचा. 1959 मधे श्टील कंपनीचा कॉन्ट्रा हा चेनसॉ आला तो साधारण 12 किलोचा, मधे गिअरच नाही, क्रँकशाफ्टवरूनच चेन फिरायची. आणि ती चेन! पूर्वीचे दात लाकूड नुसतं खरवडायचे. अमेरिकेत ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने 1946 मधे एका झाडाच्या खुंटात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी बघितली, ती तिच्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे कशी कुरतडते ते निरखलं, आणि तसे वळलेले दात बनवले. आजही चेनला कानस मारताना एक दात डावा एक उजवा अशी जी वळणं समोर येतात ती तिथूनच आलीत, आणि प्रत्येक वेळी मला ती अळी आठवते.

जुनं ते सगळं चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. चेन ब्रेक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यायला लागला, त्याच्या आधीच्या मशीनला तो नसतो. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की बार झटक्यात उलटा अंगावर येतो, आणि त्या क्षणाला विचार करायला वेळ नसतो. ब्रेक नसलेलं मशीन मी दुरुस्त करते, सुरू करते, पडलेल्या ओंडक्यावर दोन सरळ काप घेऊन बघते आणि कपाटात ठेवते. कामाला कुणी मागितलं तर देत नाही, ओळखीतलं असलं तरी नाही, यावरून रागावलेत लोक माझ्यावर, रागावू देत.

ऑइलचंही लगे हात सांगते कारण तेही विचारतात. जुन्या टाकीवर 16:1 लिहिलेलं असतं, म्हणजे सोळा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, ते त्या काळच्या ऑइलसाठी होतं. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला मी 40:1 ठेवते, लिटरला 25 मिली. पण ऑइल जास्त टाकलं की मशीन जास्त सुरक्षित असं सरळ गणित नाही, ऑइल वाढलं म्हणजे त्याच थेंबातलं पेट्रोल घटलं, मिश्रण बदललं की कार्बोरेटरचा स्क्रू पुन्हा लावावा लागतो.

सगळं जोडून झालं तरी मी दोरीला हात लावत नाही. आधी इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करते, प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण 0.5 बार दाबाची हवा भरते आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसते. काटा हलला नाही तर उलटं करून व्हॅक्यूम लावते, कारण सीलचा ओठ एका दिशेने घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिशेने उचलला जातो, दाब धरणारं सील व्हॅक्यूमला सोडून देतं, असं चारदा तरी पाहिलंय. माझ्या पहिल्या मशीनला मी ही पाच मिनिटं दिली असती तर एक चांगला पिस्टन वाचला असता.

सध्या टेबलावर आहे त्याचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला खरवडलेला निघाला. दोन्ही सील नवी घातली, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर नवं, दुसऱ्या मशीनचा पिस्टन बसवला, हवा भरली, आणि काटा तरीही उतरतोय, मिनिटाला अगदी थोडासा. काल रात्री सगळीकडे साबणाचं पाणी लावून बघितलं. सीलपाशी काही नाही, सिलिंडरच्या पॅकिंगपाशी काही नाही. मग खाली, चेनच्या ऑइलच्या टाकीच्या मागे, क्रँककेसचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे एक-एक करून बारीक बुडबुडे यायला लागले. पुसून भिंगातून बघितलं तर त्या सांध्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाएवढी खाच आहे. माझ्याआधी कुणीतरी हे उघडताना घाई केली होती. आता दोन्ही अर्धे पुन्हा सुटे करायचे, ती खाच भरायची आणि कागदाचं नवं पॅकिंग कापायचं, म्हणजे अजून तीन आठवडे तरी धरा.