वाचताना पुन्हा दोन ओळी: प्रिझमच्या चष्म्याचा माझा अनुभव

दूरच्या दिव्याखाली मला त्याच दिव्याची दुसरी प्रतिमा दिसू लागली. कोणताही एक डोळा झाकला की ती नाहीशी होई. त्यामुळे दोष डोळ्यांच्या जुळणीत असल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. अशा तक्रारीचे मूळ नसांच्या किंवा मेंदूच्या विकारातही असू शकते, म्हणून आधी त्या तपासण्या झाल्या. अचानक दुहेरी दिसू लागलेल्या कोणीही चष्म्याचा विचार करण्यापूर्वी त्या करून घ्याव्यातच.

माझा डावा डोळा किंचित वर राहत होता आणि दुरुस्तीसाठी प्रिझमची, म्हणजे एका कडेला जाड आणि समोरच्या कडेला पातळ अशी काच लागत होती; तिचे माप होते 3 प्रिझम. 1 प्रिझमची काच 1 मीटर अंतरावर प्रतिमा 1 सेंटीमीटर सरकवते. आडव्या दिशेचा फरक डोळे बराच जुळवून घेतात, उभ्या दिशेचा मात्र फारच थोडा. एकच काच जाड होऊ नये म्हणून डावीकडे पाया, म्हणजे जाड कड, खाली आणि उजवीकडे पाया वर, असे दीड-दीड प्रिझम वाटून प्रोग्रेसिव्ह चष्मा (वरच्या भागातून दूरचे आणि खालच्या भागातून जवळचे पाहायचा) बनवला.

दूरचे एक दिसू लागले तेव्हा मला फार हायसे वाटले. परंतु पुस्तक उघडताच ओळी पुन्हा दोन झाल्या, आणि पूर्वी खाली दिसणारी डाव्या डोळ्याची प्रतिमा आता वर होती. सवय होईल या आशेवर मी दोन आठवडे काढले, ते काढायला नको होते. काचा तपासल्या तर त्या नंबरबरहुकूम निघाल्या. कारण माझ्या मूळ नंबरात होते: उजवा उणे 1, डावा उणे 3. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचण्यासाठी नजर काचेच्या मध्यापासून सुमारे 1 सेंटीमीटर खाली जाते आणि नंबरातील 2 च्या फरकामुळे तेथे आपोआप 2 प्रिझमची भर पडते. माझ्या बाबतीत ती दुरुस्तीच्याच दिशेने पडून एकूण 5 झाली होती. जवळची चाचणी मात्र तक्ता डोळ्यांसमोर धरून, काचेच्या मध्यातून पाहत झाली होती. दोन डोळ्यांच्या नंबरांत असा फरक असेल तर नेहमीसारखे पुस्तक हातात धरून, नजर खाली झुकवून मोजमाप करण्याचा आग्रह धरावा.

एका काचेचा खालचा भाग विशेष घासून हा फरक काढता येतो, परंतु त्याची आडवी रेघ काचेवर दिसते. मी वाचनासाठी वेगळा, एकाच नंबराचा चष्मा निवडला. त्यात 3 प्रिझम कायम ठेवून काचांचे मध्य खाली, वाचतानाच्या नजरेसमोर आणले आहेत. त्यातून पहिल्याच दिवशी पान सरळ वाचता आले.