सुरंगीचा मुहूर्त

भाचीच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला मार्चअखेरीचा, दुपारी १२ वाजून २१ मिनिटांचा. दादाने कामं वाटली आणि फुलं माझ्याकडे आली. मुंबईहून येणाऱ्या आत्याला याहून जड काम कोणी देत नाही.

आधी डेकोरेटरचा मुलगा मोबाइल घेऊन आला. त्यात जरबेरा होता, ऑर्किड होती, निशिगंधाच्या भिंती होत्या, आणि हे सगळं घाट उतरून येणार होतं. "ताई, रात्री दहाला गाडी आली की सकाळपर्यंत स्टेज तयार!" स्टेजला माझी हरकत नव्हती. पण आपल्याकडच्या मार्चातल्या दमट दुपारी जरबेऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळी रांग वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी माना खाली घालून उभी असते. तरी हो म्हटलं. फोटोत काहीतरी गुलाबी दिसायला हवं म्हणे.

भाचीचं मागणं मात्र एकच होतं. "आत्या, डोक्यात सुरंगीच हवी."

शेजारच्या काकींना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लगीन मार्च सोपताना काढलात आणि सुरंगी व्हयी तुमका?" त्यांचंही खरं होतं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या आरवली-आसोलीच्या पट्ट्यात सुरंगीची झाडं पुष्कळ, पण फेब्रुवारीत बहर धरला की एप्रिलात सगळं आटोपतं. त्यात हे काही कुंडीतलं झुडूप नव्हे. चांगलं उंच झाड, आणि कळ्या शेंड्याला न येता फांद्यांच्या अंगालाच चिकटून येतात, साबुदाण्यासारख्या दाटीवाटीने. त्यासाठी माणूस वर चढवावा लागतो, आणि तोही उन्हं यायच्या आत. कळी मिटलेली असेतो ओवून व्हायला हवी. एकदा उमलली की पाकळ्या मागे पडतात आणि हातात नुसता पिवळा केसर उरतो. ओवायची राहिलेली वाळवून कळे म्हणून विकतात, अत्तरासाठी जातात. पण नवरीच्या डोक्यात कळे माळून कसं चालेल?

मग मी वहीत उलटा हिशेब मांडला. मुहूर्त १२.२१. केस बांधायला बसणार साडेदहाला. तोवर वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, तयार हवेत, म्हणजे ओवायला आठला बसायला हवं, म्हणजे गडी साडेपाचला झाडावर हवा. हा गडी आदल्या रात्री हळदीला जेवणार, जेवणाआधी आणखीही काही घेणार. तो साडेपाचला उठेल की नाही, हे कुठल्याच पंचांगात सापडत नव्हतं.

"नाय गावली तर आबोली असा मां!" काकींनी धीर दिला. अबोली असतेच. दोन-तीन दिवस टवटवीत राहते, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफली जाते, सुईसुद्धा मागत नाही. वास मात्र शून्य. पाहुण्यांत एखादी अशी असते ना, दोन दिवसांत चार शब्द बोलत नाही आणि फोटोत सगळ्यांत छान ती दिसते. तिच्या चार फात्या, म्हणजे गुंफलेल्या माळा, आदल्या संध्याकाळीच करून ठेवल्या. दारचा सोनचाफा सकाळच्या पूजेपुरता धरला, कारण दुपारपर्यंत तो काळवंडतो. आणि मांडवाला झावळ्या, आंब्याचे टाळ, केळीचे खांब. त्याबाबत मला कोणी विचारलंही नाही. ते आपोआप होतं.

लग्नाच्या दिवशी गडी सव्वासहाला आला. डोळे लाल, पण आला. झाडाखाली जुनी लुगडी अंथरली होती. शिडी लावून तो वर गेला आणि पाऊस पडावा तशा कळ्या पडू लागल्या. नऊ वाजता पडवीत सात बायका सुया घेऊन बसल्या होत्या. ओवता ओवता विहिणीची साडी, तिच्या बहिणीची साडी, दोघींच्या साड्यांतला फरक असं सगळं तपासून झालं. तोंड कितीही चाललं तरी सुई थांबली नाही. वळेसर पोचले पावणेअकराला. माझी वही पंधराच मिनिटांनी चुकली होती. कोकणातल्या लग्नात याला वेळेवर म्हणतात.

एका गोष्टीचा हिशेब मात्र माझ्या वहीत नव्हता. दुपारच्या उकाड्यात त्या कळ्या भाचीच्या डोक्यावरच उमलायला लागल्या. वास मांडवभर गेला, आणि वासामागोमाग मधमाश्या आल्या. बाजूला जरबेऱ्यांची रांग माना टाकून उभी होती, तिकडे एकही माशी फिरकली नाही. अंतरपाट धरला गेला, मामाने भाचीचा हात घट्ट धरला. भटजींनी "सावधान" म्हटलं तेव्हा ते अख्ख्या मांडवात एकट्या भाचीने मनावर घेतलं. तिची नजर अंतरपाटाकडे नव्हतीच, ती कानाशी घोंघावणाऱ्या माशीकडे होती.