शिशाच्या पत्र्यावरचं गाऱ्हाणं

त्या बुधवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या प्रोफेसरबाईंना मेल टाकला, ‘तिसऱ्या ओळीत नाव सापडलंय’, आणि दुपारी अडीचला तो मेल मागे घ्यायची वेळ आली.

माझं काम म्हणजे रोमन काळातली शापपत्रं वाचणं. शिशाचा पातळ पत्रा, त्यावर टोकदार लेखणीने ओरखडलेला मजकूर. पत्रा दुमडायचा किंवा गुंडाळायचा, कधी खिळाही ठोकायचा, आणि देवाच्या झऱ्यात, विहिरीत नाहीतर कुणाच्या तरी थडग्यात टाकून द्यायचा. गावी गेलो की हे ऐकणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, आणि तोही आवाज खाली आणून: “म्हणजे करणी?”

पूर्वी मी घाईने नाही म्हणायचो. आता म्हणतो, ग्रीकांकडे जाल तर बरीचशी करणीच. अथेन्समध्ये कोर्टात खटला उभा राहिला की प्रतिपक्षाचं नाव पत्र्यावर लिहून त्याची जीभ ‘बांधायची’ आणि पत्रा अकाली मेलेल्या माणसाच्या थडग्यात सरकवायचा. ग्रीक शब्द ‘काताडेस्मॉस’ म्हणजे बांधून टाकणं, लॅटिन ‘डेफिक्सिओ’ म्हणजे खिळवून टाकणं. पण रोमन ब्रिटनमध्ये सापडलेले बहुतेक पत्रे वेगळे आहेत. तिथे कुणाची तरी वस्तू चोरीला गेलेली असते, चोर माहीत नसतो आणि तक्रार थेट देवापुढे मांडलेली असते. इंग्रजीत हा फरक समजावायला अभ्यासकांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत. आपल्याकडे दोन शब्द तयारच आहेत: ती करणी, हे गाऱ्हाणं.

बाथ या गावातला गरम पाण्याचा झरा या गाऱ्हाण्यांचं सर्वांत मोठं ठिकाण. १९७९-८० च्या उत्खननात सुलिस मिनर्व्हा या देवीच्या त्या झऱ्यातून शंभराहून जास्त पत्रे निघाले. कुणा डोकिलियानुसचा टोपीचा झगा गेलाय. चोराला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये, झगा देवळात आणून देईपर्यंत सुटका नको. डोकिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराचं डोकं फिरावं आणि डोळे जावेत. हातमोज्यांसाठी डोळे! भाषा मात्र पक्की अर्जाची: ‘सी व्हिर सी फेमिना, सी सेर्वुस सी लिबेर’, पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र. चोराला पळवाट म्हणून ठेवायची नाही.

माझा आवडता मात्र इंग्लंडमधल्याच युली गावच्या, मर्क्युरी या रोमन देवाच्या देवळातला बिक्कुस. चोराला लघवी होऊ नये, शौचाला होऊ नये, बोलता येऊ नये, झोपता येऊ नये आणि जागंही राहता येऊ नये, असं त्याने मागितलंय. घाईत की अर्धवट पाठांतरामुळे कोण जाणे, ‘पुरुष असो वा बाई’ लिहायच्या जागी त्याने लिहून ठेवलं, ‘पुरुष असो वा नर’. म्हणजे चोर बाई निघाली तर सुटलीच.

आता त्या बुधवारचा पत्रा. कुठला ते सांगत नाही, अजून प्रकाशित व्हायचाय. व्हिजिटिंग कार्डाहून थोडा मोठा, राखाडी, एका कोपऱ्यात पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज, मध्ये दुमडल्याची आडवी खूण. त्यावर सात ओळी. डाव्या कडेला अगदी सरळ समास सोडलेला.

असे पत्रे नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. कॅमेरा वर पक्का बसवायचा, पत्र्याशेजारी काळी चकचकीत गोळी ठेवायची आणि फ्लॅश चहूबाजूंनी फिरवत पन्नासेक फोटो काढायचे. गोळीवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला उजेड कुठून आला ते काढतं. मग पडद्यावर माउसने उजेड हवा तिथून पाडायचा. उजेड कलता झाला की सपाट दिसणाऱ्या शिशावर ओरखडे नांगरटीसारखे उठून येतात.

तरी वाचणं सोपं होत नाही. रोमन लोकांची धावती लिपी म्हणजे त्यांची मोडीच. पी, टी आणि सी एकमेकांच्या वेषात फिरतात, ई म्हणजे नुसत्या दोन उभ्या रेघा, शब्द सुटे लिहिलेले असतील याची खात्री नाही. मोडी वाचणाऱ्याला हे दुखणं ठाऊक आहे: काय लिहिलं असेल याचा अंदाज आधी येतो आणि अक्षरं मागाहून निमूट त्या अंदाजात बसतात.

माझंही तेच झालं होतं. तीन दिवस झटून तिसऱ्या ओळीत मला शेवटी ‘उस’ असलेलं नाव दिसलं, वर दुसऱ्या ओळीत ‘चोरी’ला जवळचं काहीतरी. मेल गेला. मग चहा घेऊन बसलो आणि बाकीच्या ओळी लावायला घेतल्या. एकही लागेना. पत्रा उलटा फिरवून पाहिला. ही काळजी आमच्यात सगळेच घेतात, कारण १९०४ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे प्रमुख निकल्सन यांनी बाथच्या एका पत्र्यावर विनिसियसने निग्राला लिहिलेलं ख्रिस्ती पत्र वाचलं आणि छापलंही. १९९४ मध्ये या पत्र्यांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी दाखवून दिलं की निकल्सनसाहेबांनी पत्रा उलटा धरला होता. मग आरशातलं प्रतिबिंब करून पाहिलं. बाथच्याच, ‘व्हिल्बिया’ हे नाव असलेल्या पत्र्यासारखी उलट्या क्रमाने अक्षरं वाचून पाहिली. काही नाही.

आमची कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तूंची साफसफाई आणि जतन करणारी, दुसऱ्या पत्र्याचा ट्रे न्यायला आली होती. तिला लॅटिनचं अक्षर येत नाही. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत ती म्हणाली, “याने प्रत्येक रेघेला लेखणी उचललीये.”

मी चित्र मोठं केलं. सवयीचा हात शिशावर घसरत जातो आणि रेघेचं शेपूट बारीक होतं. इथे प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला खोल टोचा, मग ओढत नेलेली रेघ, आणि टोकाला शिशाची बारीक चुणी साचलेली. मी कागद घेऊन खुणा मोजायला लागलो. सात ओळींत मिळून आकार चारच: उभी रेघ, तिरपी रेघ, हुकासारखा आकडा आणि अर्धं वर्तुळ. तेच आलटून पालटून. चार अक्षरांत लॅटिन लिहिता येत नाही. माझं ‘उस’ म्हणजे एक अर्धवर्तुळ आणि एक आकडा. तेवढंच पाचव्या ओळीत दोनदा आणि सहाव्यात एकदा होतं.

त्या माणसाला, किंवा बाईला, लिहिता येतच नव्हतं.

असे पत्रे बाथमध्येही निघालेत, मी त्यांच्याबद्दल वाचलंही होतं. तिथल्या पत्र्यांवरची हस्ताक्षरं जवळजवळ सगळी वेगवेगळी आहेत, त्यावरून लोक गाऱ्हाणं स्वतःच्या हाताने लिहीत असावेत असं मानतात. म्हणजे लेखनिकाला पैसे देऊन काम भागणारं नव्हतं. आमच्या गावी देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात, पण आजीची कोंबडी गेली तेव्हा ती एकटीच देवळात गेली होती आणि खांबाला टेकून अर्धा तास पुटपुटत होती. सही करायला तिचा अंगठा लागायचा. हा पत्रा बघताना मला ती अर्धा तास आठवत राहिली, आणि तीन दिवस मी तिच्या पुटपुटण्यात व्याकरण शोधत होतो असं वाटून ओशाळलो.

बाईंना दुसरा मेल लिहिला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: नाव काढून टाक, कॅटलॉगमध्ये ‘अक्षरांसारख्या खुणा’ असं लिही आणि वर्णन नीट कर, आपण वाचता येणाऱ्यांचंच वर्णन नीट करतो.

मग हातमोजे घालून पत्रा पुन्हा ट्रेमधून काढला. आतापर्यंत मी अक्षरं शोधत होतो, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटली होती. पहिल्या चार ओळी ऐसपैस आहेत, खुणांमध्ये चांगली मोकळी जागा. पाचवीपासून खुणा लहान होत जातात. सातव्या ओळीत त्या एकमेकींना चिकटल्यात, उजव्या कडेला पोचल्यावर वर वळल्यात आणि कडेकडेने उभ्या चढत चौथ्या ओळीपर्यंत गेल्यात. जागा संपली होती, सांगायचं संपलं नव्हतं.

कॅटलॉगमध्ये लिहिलं: ओळी ७, शेवटची दाटीवाटीची, उजव्या समासात वर चढलेली. वाचनाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली, हातमोजे काढून हात साबणाने दोनदा धुतले आणि थंड झालेला चहा बेसिनमध्ये ओतून दिला.