जानापाव : पैसे आठ इंचांचे, दर्शन पाच इंचांचं

खोक्यावर ‘पॅराबोलिक’ आरसा असं छापलंय म्हणून ८ इंची दुर्बीण घेऊ नका. हे मी जानापाव टेकडीच्या माथ्यावर, रात्री ११ वाजता, नाक गळत असताना शिकलो.

इंदूरहून महूच्या पुढे जाऊन एबी रोड सोडायचा, अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथवर सगळं सुखाचं. माथा ८५४ मीटरवर, चंबळेचा उगमही तिथलाच. जाकीट, टॉर्च, पाणी हे सांगत बसत नाही.

सांगायचंय ते शेवटच्या चढणीबद्दल. पिकअपवाल्याशी १,५०० ठरले होते. पायथ्याशी त्याने गाडी बंद केली आणि म्हणाला, “ऊपर का अलग लगेगा, भिया.” ५०० वर गेले. ‘माथ्यापर्यंत, परतीसह’ हे शब्द निघण्याआधीच वदवून घ्या. आणि न्यूटनियन (भिंगाऐवजी आरशाची) दुर्बीण हौद्यात आडवी टाकू नका. आमची गादीवर होती, तरी प्रत्येक वळणावर आतून खडखड ऐकू येत होती. आरसा त्याच्या बैठकीसकट काढून मांडीवर घ्या, चारचौघांत हसं झालं तरी.

वर आरसा तासभर गार होऊ दिला, मग स्क्रू पिळत ४० मिनिटं कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. रामबागेतले काका टॉर्च धरून. एवढं करून गुरू दिसला तो तुपात पडलेल्या बत्ताशासारखा. पट्टे नाहीत, कड नाही. मी हवेला शिव्या दिल्या. काकांनी एक तारा लावला, फोकसच्या आत-बाहेर करून पाहिलं. एका बाजूला कडा कडक, दुसऱ्या बाजूला नुसता धूर.

“कॉलिमेशन ठीक आहे रे. तुझा आरसा गोल आहे.”

गोल म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागाचा तुकडा. त्यात काठावरून परतणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात. पॅराबोला, म्हणजे आपला शाळेतला अन्वस्त, समोरून समांतर येणारे सगळे किरण एकाच नाभीत आणतो. गच्चीवरची डिशही हेच करते. ती पॅराबोलाच्या मध्याची नसून बाजूचा तुकडा असते, म्हणून सिग्नल पकडणारी डबी वाटेत आडवी येत नाही आणि डिश आकाशाऐवजी शेजारच्या भिंतीकडे बघतेय असं वाटतं. नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश नुसत्या तारेच्या जाळीच्या आहेत. तिथल्या रेडिओ लहरी काही सेंटिमीटरच्या पुढच्या, त्यांना जाळीची भोकं जाणवतच नाहीत. प्रकाशाची लहर मात्र अर्ध्या मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझ्या ८ इंची, १.२ मीटर नाभी-अंतराच्या आरशात गोल आणि पॅराबोला यांच्यात काठाशी फरक १ मायक्रॉनहूनही कमी, तेवढ्यानेच गुरूचा बत्तासा झाला.

काकांनी शेवेचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठ्याला ५ इंचांचं भोक पाडलं आणि नळीच्या तोंडावर बसवलं. हा दोष व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८चे ५ केले की तो साडेसहा पटीने उतरतो. पुन्हा डोळा लावला आणि मी अक्षरशः ओरडलो. दोन तपकिरी पट्टे, धारदार कड, चारही चंद्र सुईच्या टोकासारखे! वरच्या देवळातले पुजारीबुवा दार उघडून बघायला आले. थंडी वगैरे काही आठवेना.

उतरताना पिकअपचा एक दिवा रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळत होता. बल्ब नाभीच्या खाली सरकलेला. काकांनी ते चालकाला समजावलं, त्याचे पैसे मात्र कमी झाले नाहीत.

घरी ब्लेडची परीक्षा केली. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोची १८५८ सालची युक्ती आहे, घेताना दुकानातच करून बघा. नाभी-अंतराच्या दुप्पट लांब, म्हणजे माझ्यासाठी २.४ मीटरवर, सुईच्या भोकाएवढा दिवा ठेवायचा आणि परतणाऱ्या प्रकाशात ब्लेड सरकवायचं. पॅराबोला असेल तर मेदूवड्यासारखी सावली दिसते. माझा आरसा सगळीकडून एकसारखा करडा झाला. काकू म्हणाल्या, “किती सुरेख दिसतोय!” तोच तर रोग.

साडेचार इंची, लांब नळीची दुर्बीण असेल तर गोल आरसा खपून जातो, बिनधास्त घ्या. ८ इंचांत, एवढ्या आखूड नळीला, अजिबात नको. विक्रेता म्हणाला, “न्यूटननेही १६६८ साली गोलच वापरला होता.” वापरला होता, पण जेमतेम १.३ इंचाचा.

पुठ्ठा अजून नळीवरच आहे. अमावास्येला पुन्हा निघतोय, या वेळी काकांच्या व्हॅनने.