चौदा नंबरच्या पेशी

चौदा नंबरच्या उंदराच्या मेंदूची मोजणी संपली तेव्हा माझ्याकडे ५७ पेशी होत्या. आठ सेक्शन, म्हणजे मेंदूचे पातळ काप, मेंदूची एक बाजू, जवळजवळ अख्खी दुपार, आणि ५७.

हा अर्थात शेवटचा आकडा नव्हे. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रामधल्या डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी मरत जातात. उंदरात तसंच नुकसान एमपीटीपी नावाच्या विषाने घडवता येतं. हे विष माहीत झालं तेच एका दुर्दैवी घटनेतून: १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी ते मिसळलेलं अमली द्रव्य टोचून घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचं शरीर लाकडासारखं ताठ झालं. एखादं औषध या पेशींना वाचवतं का हे कळायला, विष देऊन झाल्यावर किती पेशी उरल्या ते मोजावं लागतं. सगळ्या मोजणं अशक्य, म्हणून नमुना घ्यायचा. आम्ही दर चौथा सेक्शन घेत होतो. त्यावर ठरावीक अंतराने पडणाऱ्या चौकटींत एकूण क्षेत्राचा चौथा भाग येत होता. जाडीतही फक्त मधले १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोजायचे, कारण कापलेल्या पृष्ठभागालगतच्या पेशी तुटलेल्या किंवा निसटलेल्या असतात. ४० मायक्रॉनचा कापलेला सेक्शन रंगवून, वाळवून काचेवर १७ उरला होता. म्हणजे ५७ गुणिले चार, पुन्हा गुणिले चार, मग १७ भागिले १२: उत्तर १,२९२. निरोगी उंदरात एका बाजूला चार ते सहा हजार मिळतात.

आकडा फार कमी होता, पण मला खटकला तो आकडा नव्हे. कुठल्या उंदराला विष दिलं, कुठल्याला औषध, हे मला माहीतच नव्हतं. कोड सहकाऱ्याच्या कपाटात बंद होता. विषाने पेशी गेल्या असतील, असं म्हणून मी पुढची स्लाइड लावू शकले असते.

खटकली ती हाताची लय. मोजताना फोकस वरून हळूहळू खाली न्यायचा आणि चौकटीत पेशीचं केंद्रक पहिल्यांदा स्पष्ट झालं की खूण करायची. डोपामिन बनवायला लागणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने या पेशी गडद तपकिरी होतात, केंद्रक मात्र फिकट राहतं. चांगल्या सेक्शनमध्ये एक पेशी विरते तोवर खालून दुसरी उमटते, आणि हे तळापर्यंत चालू राहतं. या मेंदूत सुरुवातीच्या दोन-तीन मायक्रॉनमध्ये खुणा पटापट पडायच्या आणि मग नुसतं जांभळं, म्हणजे फक्त दुसरा रंग लागलेल्या पेशी. बोट फोकसच्या चाकावर फिरत राहायचं, खूण करायला काहीच नसायचं.

प्रत्येक खूण किती खोलीवर पडली ते सॉफ्टवेअर साठवतं. मी तो आलेख काढला. आठपैकी तीन सेक्शनमध्ये खुणा फक्त वरच्या भागात होत्या, दोनमध्ये फक्त तळाकडे, उरलेल्या तीनमध्ये सगळीकडे सारख्या. काही सेक्शन रंगवताना एकमेकांना चिकटले असणार, असं मला त्या दोन उलट्या सेक्शनमुळे वाटलं. जोडी चिकटली की अँटिबॉडी बाहेरच्या बाजूनेच शिरते. काचेवर लावताना ती बाजू कधी वर येते, कधी खाली जाते.

मॅडमना आलेख दाखवला. दोन दिवसांनी कोड उघडायचा ठरला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्यांनी नेमका हवा तो प्रश्न विचारला.

“पण खाली जांभळ्या मोठ्या पेशी आहेत म्हणतेस. त्या जिवंत असून एन्झाइम बनवणं थांबलं असेल तर? एमपीटीपीनंतर तसंही होतं.”

होतं, हे खरं आहे. म्हणून तर तपकिरी रंगावर क्रेसिल व्हायोलेटचा जांभळा हात देतात. तो सगळ्याच चेतापेशींना लागतो, त्यामुळे नुसता तपकिरी रंग गेला की पेशीच गेली, हे तपासता येतं. आणि शेवटच्या डोसनंतर २१ दिवस थांबायचं, ते काही अंशी याचसाठी.

“मॅडम, पेशी गप्प झाल्या असत्या तर वरपासून खालपर्यंत विखुरलेल्या दिसल्या असत्या. इथे एका खोलीपर्यंत सगळ्या तपकिरी आणि त्याखाली सगळ्या जांभळ्या आहेत. पेशीला काय ठाऊक, आपण चाकू कुठून फिरवणार आहोत?”

त्या बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिल्या. “मग एकट्या चौदाचं दुरुस्त करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आधी नियम लिही. सगळ्यांचे आलेख काढ. नियमात नापास होईल तो पुन्हा रंगवायचा. तोवर कोड उघडायचा नाही.”

त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. पुढे ढकलणं किती महाग पडणार होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सगळ्या प्राण्यांमध्ये तीन नापास झाले. दर चौथा सेक्शन वापरला होता, म्हणजे प्रत्येकाचे तीन संच उणे वीसवर शिल्लक होते. या वेळी एका खळग्यात दोनच सेक्शन ठेवले, अँटिबॉडीला ४८ तास दिले आणि दिवसातून अनेकदा ब्रशने सेक्शन सुटे केले. स्लाइडना सहकाऱ्याने नवे नंबर दिले, त्यामुळे चौदा कुठला हे मोजताना मला कळलं नाही. नंतर जुळवलं तेव्हा १२८ पेशी निघाल्या. हिशेबाने २,९०१. खुणा वरपासून खालपर्यंत पसरलेल्या.

मग कोड उघडला. चौदा नंबरला विष दिलेलं होतं, औषध नव्हतं.

मी यादीतली ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. विष मिळालेल्या प्राण्यात १,२९२ हा आकडा कोणालाच खटकला नसता. गट आधी माहीत असता तर मलाही नसता. उलट विषाने छान काम केलं म्हणून समाधान वाटलं असतं. आणि त्या गटाची सरासरी जेवढी खाली ओढली गेली असती, तेवढं औषध मिळालेल्या गटात पेशी वाचल्यासारखं दिसलं असतं.

नव्या आकड्यांनी दोन्ही गट शेजारी ठेवले. फरक नव्हता. या औषधावर दोन वर्षं गेली होती आणि ते चालावं असं मला मनापासून वाटत होतं. संध्याकाळी मॅडमनी अहवालातलं वाक्य माझ्याकडूनच लिहून घेतलं: या मात्रेत, या प्रारूपात, पेशी वाचल्याचं आढळलं नाही. त्याखाली आम्ही नापास झालेल्या तीन प्राण्यांचे नंबर, जुने आकडे आणि नवे आकडे, दोन्ही दिले.