काळोख कोणाचा?

लोअर ऑस्ट्रियातल्या ज्या कार्यशाळेत मी जुन्या तैलचित्रांच्या जतनाचे काम करते, तिथे 'क्रेम्सर श्मिटचे' म्हणून एखादे चित्र आले, की आम्ही आधी मनातल्या मनात हसतो. मार्टिन योहान श्मिट (१७१८–१८०१) हा डॅन्यूबकाठच्या श्टाइन गावी राहून चर्चच्या वेद्यांसाठी चित्रे काढणारा चित्रकार. शेजारच्या क्रेम्सवरून लोकांनी त्याला हे नाव दिले. त्याने शेकड्यांनी चित्रे काढली, त्याचे अनुकरण करणारेही उदंड झाले, त्यामुळे या भागातल्या कितीतरी गावांना आपल्या चर्चमधले काळवंडलेले चित्र त्याचेच वाटते.

त्या मंगळवारी टेबलावर होते ते एका लहानशा गावातले चित्र: मरणशय्येवरचा संत योसेफ, उशाशी येशू, पायाशी मरिया. सही नव्हती. योसेफाचा चेहरा तरी मागच्या बाकांवरून दिसावा, एवढीच तिथल्या धर्मगुरूंची अपेक्षा होती. अतिनील दिव्याखाली जुने वॉर्निश हिरवट चमकले आणि मी निर्धास्तपणे कामाला लागले. काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा द्रावकात भिजवून हलक्या हाताने फिरवला, की वॉर्निश पिवळट होऊन कापसावर उतरते. चेहऱ्यावर, उशीवर तसेच झाले. पांघरुणाच्या घडीवर मात्र बोळा काढ्यासारखा तपकिरी झाला. मेणबत्त्यांची काजळी असणार, असे धरून मी तो आणखी एकदा फिरवला, आणि खालून विटकरी रंग वर आला तेव्हा हात जागीच थांबला.

तो रंग माझ्या ओळखीचा होता. मध्य युरोपातले त्या काळातले चित्रकार कॅनव्हासला पुष्कळदा लालसर मातीचे अस्तर देत आणि सावलीच्या जागी त्यावर पातळ, पारदर्शक तपकिरी रंगाचा एखादाच हात फिरवत. म्हणजे मी काजळी नव्हे, सावलीच पुसत होते.

प्रमुख बाईंना बोलावले. त्या रागावल्या नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले. रंग आधीच उडालेल्या एका जागेच्या कडेवरून आम्ही मोहरीच्या दाण्याहूनही लहान कण काढला आणि त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अस्तर आणि तपकिरी थर यांच्यामध्ये धुळीचा मागमूस नव्हता. धूळ होती ती तपकिरी थरावर, वॉर्निशच्या खाली. जुन्या भेगाही दोन्ही थरांतून सलग गेल्या होत्या. तपकिरी रंग नंतर कोणी चढवला असता, तर तो त्या भेगांत उतरलेला दिसला असता. काळोख मूळचाच होता.

मग बाईंनी श्मिटच्या एचिंग्जच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांच्या, प्रतिकृती काढल्या. कला अकादमीचे शिक्षण न घेतलेल्या या माणसाने सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या छापचित्रांचा कसून अभ्यास केला होता, आणि १७६८ मध्ये व्हिएन्नाच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतले तेव्हा त्याने दिलेल्या चित्रांतले एक रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या भट्टीचे होते. अंधारात एकच उजेड, आणि त्या उजेडापुरतीच माणसे. आमचे चित्र त्याचे की त्याच्या एखाद्या शिष्याचे, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. पण चेहरा दिसण्यासाठी पांघरूण अंधारात राहणे भाग आहे, हे रंगवणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

धर्मगुरू आले तेव्हा बाईंनी छतावरच्या ट्यूबलाइट बंद करून वेदीवर मेणबत्ती असते तेवढ्या उंचीवर एकच दिवा लावला. (गाभाऱ्यात ट्यूबलाइट लावल्यावर मूर्तीचे काय होते, ते आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही.) योसेफाचे कपाळ आणि येशूचा हात तेवढे उजळले. धर्मगुरू बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बाकीचे असेच राहू द्या."

अंगठ्याच्या नखाएवढी ती जागा मी पुढे सहज काढता येईल अशा रंगाने भरली. अहवालात पूर्वीच्या डागडुजीमुळे झालेल्या नुकसानीचे एक सदर असते. त्याच्या खाली नवे सदर आखून मी छायाचित्र, तारीख आणि माझे नाव लिहिले.