तुम्ही विचारलंत म्हणून: ते चुंबकी कण दवाखान्यात कधी येणार?

‘तुमचे ते कर्करोगाची गाठ दाखवणारे चुंबकी कण दवाखान्यात कधी येणार?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, पालकसभेत विचारला जातो, आणि गेल्या महिन्यात तर दातांच्या डॉक्टरांनी तो मी तोंड उघडून बसलेली असताना विचारला. ‘अजून थोडा वेळ आहे’ हे माझे ठरलेले उत्तर. ते खरे नाही, म्हणून हे लिहीत आहे.

खरे उत्तर असे की ते येऊन गेले. डेक्स्ट्रान या शर्करेचे वेष्टन असलेल्या आयर्न ऑक्साइडच्या कणांना, फेरिडेक्स या नावाने, १९९६ साली अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी परवानगी मिळाली आणि २००८ साली ते बंद झाले. त्यांची युक्ती सुंदर होती: यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात, त्यामुळे निरोगी यकृत चित्रात काळे पडते, आणि इतर अवयवांतून तिथे पसरलेल्या गाठीत या पेशी नसल्याने ती काळ्यावर पांढरी उठून दिसते. पण हे द्रव्य शिरेतून अर्धा तास सावकाश सोडावे लागे, त्या वेळी काही रुग्णांची पाठ दुखे, आणि तोवर यकृत उजळ करणारी, गॅडोलिनियम या धातूची द्रव्येही आली होती. लसिकाग्रंथींसाठीच्या (लिम्फ नोड) अशाच दुसऱ्या द्रव्याची कथा अधिक चटका लावणारी आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील २००३ सालच्या अभ्यासात, रोग पसरलेल्या ग्रंथी ओळखण्याचे प्रमाण साध्या एमआरआयने ३५.४ टक्के आणि या कणांसह ९०.५ टक्के आले. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतील सल्लागार समितीचा कौल विरोधात गेला आणि २००७ मध्ये युरोपातील अर्ज मागे घेण्यात आला.

‘मग तुम्ही अजून हेच का करता?’ असे कोणी पुढे विचारले की माझा आवाज चढतो. यकृतात कण आपोआप जातात. आम्हाला ते इतरत्र वाढणाऱ्या गाठीपर्यंत न्यायचे आहेत, म्हणून आम्ही त्यांच्या पृष्ठभागावर गाठीच्या पेशींना ओळखणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) जोडतो. हे काम निरुपयोगी नाही, असे मी म्हणते, आणि म्हणताना मला नवव्या क्रमांकाचा उंदीर आठवतो.

त्याच्या कुशीत वाढवलेल्या गाठीचे चित्र आम्ही शेपटीच्या शिरेतून कण देण्यापूर्वी घेतले होते आणि चोवीस तासांनी पुन्हा घेतले. दुसऱ्या चित्रात गाठीच्या मधोमध एक ठळक काळा डाग होता. आमच्या कणांचे चुंबकी क्षेत्र आसपासच्या पाण्यातील प्रोटॉनांचा, म्हणजे ज्यापासून एमआरआयचे चित्र बनते तो, संकेत लवकर विझवते, त्यामुळे कण जिथे साचतात तिथे काळोख होतो. म्हणजे हा डाग आमचाच, असे मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकले. यंत्राचा वेळ महाग असल्याने, कणांऐवजी फक्त सलाइन दिलेल्या उंदरांची चित्रे तीन आठवडे पुढे ढकलली होती. त्या तीन आठवड्यांत मी ते चित्र एका व्याख्यानात दाखवले आणि एका वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली. पुढे सलाइनवाल्या दोन उंदरांच्या गाठींत, दुसऱ्या दिवशीच्या चित्रांत, हुबेहूब तसेच डाग निघाले. वेगाने वाढणाऱ्या गाठीत आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि साकळलेल्या रक्तातील लोहही चित्रात काळेच दिसते. आमचे बहुतेक कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले होते.

ही चित्रे हाती आल्यानंतर चौथ्या दिवशी दूरच्या जिल्ह्यातून एका गृहस्थांचा फोन आला. बातमीचे कात्रण त्यांच्यासमोर होते. पत्नीची तपासणी आमच्याकडे होईल का, आणि खर्च किती येईल, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी म्हणाले, ‘अजून थोडा वेळ आहे.’ त्यांनी माझे आभार मानले. डाग रक्ताचा निघाला आहे हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती, आणि ती दोन वाक्ये मला येत होती.

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते की आशा तोडणे हा तिचा अधिकार नव्हता, शिवाय उंदरांच्या चित्रांतून त्या बाईंचे काही भले किंवा वाईट होणार नव्हते. मी म्हणते की तिला आशेची नव्हे, बातमीची काळजी होती. यावर ती गप्प बसत नाही. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतील अभ्यास एकत्र करून, टोचलेल्या नॅनोकणांपैकी (असल्याच अतिसूक्ष्म कणांपैकी) मध्यकानुसार, म्हणजे सगळ्या आकड्यांतील मधल्या आकड्याप्रमाणे, ०.७ टक्केच गाठीत पोहोचतात, असे दाखवले, तेव्हा ती म्हणाली की अपयश केवळ तुझे नव्हते. हे खरे आहे, आणि त्याने मला हवे तितके बरे वाटले नाही.

आता आम्ही सलाइनवाल्या उंदरांची चित्रे त्याच दिवशी घेतो. नवव्या उंदराचे चित्र मी व्याख्यानातून काढलेले नाही; त्याच्या शेजारी सलाइनवाल्या उंदराचे लावते आणि कोणते कोणाचे हे न सांगता विद्यार्थ्यांना कण दाखवायला सांगते. बहुतेक जण नवव्याकडे बोट दाखवतात, काही दुसऱ्याकडे. मला स्वतःला, खालचे क्रमांक झाकले तर, अजून ओळखता येत नाही.